बारावी तसबीर

गोपाळनं काच कापायची हिरकणी काचेवर टेकवली, श्वास रोखून धरला, आणि रेघ न ओढताच ती उचलून परत टेबलावर ठेवली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

अकरा तसबिरी भिंतीला पाठ लावून ओळीनं उभ्या होत्या. काळी बारीक पट्टी, आत बदामी पुठ्ठ्याचं माउंट आणि त्याच्यामागे ती चित्रं. डॉक्टर नीलांबरीबाईंनी पुण्याहून छापून मागवलेली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेत कुणी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, माणसाच्या आतल्या अंगाची. एकात कातडं सोललेला माणूस डोंगरासमोर हात पसरून उभा. एकात नुसतं काळीज, कापलेल्या फळासारखं. दवाखान्याची नवी इमारत झाली होती, गुरुवारी उद्घाटन होतं. बाईंना आपल्या भिंतींवर गोरी गुबगुबीत कॅलेंडरातली बाळं नको होती.

"काय गं बाई!" पहिल्या दिवशी रुक्माबाई, गोपाळची आई, डबा घेऊन दुकानात आली तेव्हा पायरीवरच थबकली होती. कुदळीवर हात टेकून उभ्या असलेल्या हाडांच्या सापळ्याकडे बोट करून तिनं विचारलं होतं, "हा कोण? रोजगार हमीवर आलाय का?"

"डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात लावायची हायेत, आई."

"लावा! पोटुशी बाई बघंल आन् जिन्यातच मोकळी व्हईल."

तेव्हा ती दोघंही हसली होती. त्याला आता बारा दिवस झाले होते, आणि त्यातले नऊ दिवस गोपाळची बायको अपर्णा त्याच डॉक्टरबाईंच्या जुन्या दवाखान्यात, पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून, पाय उंच करून पडून होती.

बारावं चित्र अजून टेबलावर उघडंच होतं.

त्यात एक बाई होती. म्हणजे बाईचा फक्त मधला भाग. वर छातीखाली चित्र संपत होतं, खाली मांड्या मध्येच तुटल्या होत्या. पोट पाकळ्यांसारखं चारी बाजूंनी उलगडलेलं, आणि आत लेकरू. डोकं खाली, गुडघे छातीशी, एक हात तोंडावर. कोरणाऱ्यानं त्याचं ओलं जावळसुद्धा एकेक केस करून काढलं होतं. कान तर असा की हळूच हाक मारावी.

चित्रांची गुंडाळी सोडली त्या दिवशी गोपाळ या एकासमोर उभा राहिला तो किती वेळ उभा राहिला त्याचं त्यालाच कळलं नाही. इतर चित्रं त्याला चित्रं वाटली. हे दर्शन वाटलं. वडाच्या पानावर पायाचा अंगठा चोखत पहुडलेल्या बाळमुकुंदाच्या त्यानं आजवर शंभर तरी तसबिरी बांधल्या असतील. तोच देव इथं डोकं खाली करून निजला होता, एवढंच.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. वडिलांपासूनची. देवाची तसबीर असली की मागचा पुठ्ठा बसवण्याआधी आत तुळशीचं एक पान ठेवायचं. वाळवलेलं, कडकडीत. एकदा वडिलांनी घाईत ओलं पान ठेवलं होतं आणि आठ दिवसांत दत्तगुरूंच्या काचेला आतून वाफ धरली. गिऱ्हाईक तसबीर घेऊन परत आलं, वडिलांनी मान खाली घालून नवी करून दिली. "बाहेरची वाफ फडक्यानं जाते," ते म्हणायचे, "आतून धरली का काम गेलं." आणि गेलेल्या माणसाचा फोटो असला तर त्यात गोपाळ स्वतः काहीच ठेवत नसे. घरच्या माणसाला बोलवायचा. ते आपल्या हातानं फूल, चंदनाचा तुकडा, काय असेल ते ठेवायचं, मगच तो खिळे मारायचा.

बाराव्या चित्रामागे त्यानं तुळशीचं पान ठेवलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी अपर्णाचं पाणी जायला लागलं. आठवा महिना नुकता लागलेला. याआधीचं पहिलं पाचव्यातच गेलं होतं. दुसरं सातव्यात झालं, आणि दुपारपर्यंत जगलं. गोपाळनं त्याला दोन्ही तळहातांवर घेतलं होतं. एका हातावरही मावलं असतं. डॉक्टरबाई या वेळी म्हणाल्या, "जितके दिवस आत राहील तितकं त्याचं. एकेक दिवस मोजून घेऊ आपण." त्या संध्याकाळी दुकानात येऊन गोपाळनं खिळ्यांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. हे चित्र उघडं आहे तोवर लेकरू आत राहील. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. पण नवस काय लिहून मागतो माणूस?

मागच्या एकादशीला विठ्ठल मंदिरात बुवांनी उत्तररंगाला गर्भातल्या लेकराचं आख्यान लावलं होतं. जळतं अस्त्र आईच्या उदरावर चालून येतं आणि देव अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो, लेकराभोवती फिरत राहतो, फिरत राहतो. बुवा स्वतः उपरणं कमरेला बांधून गिरकी घेत होते, पेटी चढत होती, सारा मंडप टाळीवर आला होता. पंधरा वर्षं बुवांच्या मागे झांज धरणाऱ्या गोपाळची झांज त्या दिवशी पहिल्यांदा चुकली. बुवांनी गाता गाताच मागे वळून पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि तीच ओळ त्याच्यासाठी पुन्हा घेतली.

त्यानं चित्रावर कोरा कागद झाकला, शटर अर्धं ओढलं आणि डबा घेऊन दवाखान्याकडे निघाला.

अपर्णा छताकडे बघत पडली होती. नऊ दिवसांत तिला छतावरचा प्रत्येक डाग पाठ झाला होता.

"आज दोनदा हाललं," तिनं त्याला बघताच सांगितलं. "सकाळी जोरात. मग हळू."

"चांगलंय की."

"आईंनी काय दिलं?"

"धिरडं. आन् मुगाचं वरण."

तिनं दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला. "ते बंद केलं न्हाई ना तुमी?"

"न्हाई."

"डॉक्टरबाई मागतील गुरुवारी."

"बघू. सांगीन काहीतरी."

अपर्णानं चित्र पाहिलं नव्हतं. पण गोपाळनं रोज थोडं थोडं सांगून तिला ते बसल्या जागी दाखवलं होतं. जावळ, कान, तोंडावरचा हात. तिचं बोट पोटावर त्या त्या ठिकाणी फिरत असे.

"त्या बाईचं तोंड कसं हाय हो?"

"तोंड न्हाई काढलेलं. नुसतं पोट."

"असं काहून?"

"काय माहीत."

तिनं हातातला घास डब्यात ठेवला. "विचारा ना डॉक्टरबाईंना. पुढं काय झालं तिचं. एवढं पुऱ्या दिवसाचं लेकरू, डोकंबी खाली आलेलं. सुखरूप झाली असंल बघा. मुलगा झाला का मुलगी तेवढं विचारा." मग त्याच्या मनगटाला धरून म्हणाली, "मला कुणाची तरी झालेली ऐकू द्या."

डॉक्टर नीलांबरीबाई फेरी संपवून जिन्याशी भेटल्या. गळ्यात नळी, एका हातात गार झालेला चहा.

"गोपाळराव, अकरा झाल्या म्हणे तयार? बारावी कुठंय? माझी तीच आवडती आहे."

"मॅडम, तिला जरा टाइम लागंल."

"काच नाही का?"

"काच हाय." तो जिन्याच्या कठड्यावरचं रंगाचे पापुद्रे नखानं काढत राहिला. "मॅडम, एक विचारू? त्या चित्रातल्या बाईला काय झालं मग? म्हंजे पोरगा झाला का पोरगी?"

बाईंनी चहाचा पेला खिडकीत ठेवला. चष्मा काढला, पदरानं पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"कुणी विचारलं?"

"अपर्णानं."

"तिला काही सांगू नका."

गोपाळला ते कळलं नाही. खरं म्हणजे कळलं, पण त्यानं ते आत येऊ दिलं नाही. "न्हाई सांगत. पण झालं काय तिला?"

"गोपाळराव," त्या अगदी हळू म्हणाल्या, "जिवंत बाईचं असं चित्र कसं काढतील?"

खाली कुणाची तरी चप्पल पायरीवर घासत गेली. गोपाळ कठड्याला धरून उभा होता.

"दोघंबी?"

"दोघंही. नववा महिना भरत आलेला. कशानं गेली, नाव काय, काहीच लिहिलेलं नाही. ती गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला उघडलं, आणि चित्रकाराला बोलावलं." त्यांनी चष्मा चढवला. "बाळ आत कसं असतं हे जगानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते तसल्याच चित्रांतून. आम्ही सगळे त्यांच्यावरच शिकलो. मी शोभेसाठी नाही लावत आहे ते."

त्यानं मान हलवली. पुढे त्या अपर्णाच्या औषधाविषयी काही बोलल्या, त्यालाही त्यानं मान हलवली.

तो अपर्णाकडे परत गेला नाही.

दुकानात येऊन त्यानं कागद ओढून फेकला. चित्र तसंच होतं. जावळ, कान, हात. नऊ दिवस तो सकाळी अंघोळ करून याच्यासमोर हात जोडत होता. नऊ दिवस एका गेलेल्या लेकरापाशी आपलं लेकरू मागत होता. आणि अपर्णा तिथं पोटावर बोट फिरवून त्याचाच कान आपल्या लेकराला लावत होती.

त्यानं चित्राची गुंडाळी केली. कयाधू नदीत नेऊन सोडावं, दगड बांधून. पायरी उतरला, परत चढला. गुंडाळी सोडली. सोडताना कोपरा दुमडला तो अंगठ्यानं सरळ करायला लागला, आणि करता करता खाली बसला तो रडायलाच लागला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून फडकं तोंडात धरून.

रुक्माबाई रिकामा डबा न्यायला आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"पोरा! काय झालं? अपर्णा..."

"अपर्णा बरी हाय."

"मग?"

त्यानं चित्राकडे बोट केलं आणि सांगितलं. जे कळलं तेवढं, जसं कळलं तसं. रुक्माबाई या चित्राजवळ कधी आली नव्हती; लांबूनच शिव्या घालायची. आज ती टेबलाशी गेली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि वाकून बघत राहिली.

"कितवा?"

"नववा भरत आलेला म्हने."

"नाव?"

"न्हाई कुणाला माहीत."

"आन् उघडी ठिवली तशीच? कुणी एक फडकंबी न्हाई घातलं अंगावर?"

"आई, मी याला देव समजून..." त्याला पुढं बोलता येईना. "मी रोज याला म्हनलो, माझ्या लेकराला राख. हे स्वतःच... आता काय व्हईल, आई?"

रुक्माबाई बघत होती. मग तिचा हात पुढे झाला आणि त्या तुटलेल्या मांडीवर, जिथं रेघा संपत होत्या तिथं, चित्राला न लागेल असा थांबला.

"सवाशीन व्हती का न्हाई?"

"मला काय माहीत. असंलच की."

"भरल्या पोटाची गेली, आन् रिकाम्या ओटीनं गेली," ती म्हणाली. "तुझी रीत हाय ना रं, गेलेल्याच्या फोटोत घरचं माणूस ठिवतं?"

"हिच्या घरचं कोण येणार हितं?"

रुक्माबाई निघून गेली. घर गल्लीच्या टोकालाच होतं. परत आली तेव्हा तिच्या हातात ते पितळी ताट होतं, जे गोपाळनं कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेलं पाहिलं होतं. हिरवा खण, तांदूळ, पाच हळकुंडं, सुपारी, खारीक, नारळ. अपर्णाच्या डोहाळजेवणाचं. दिवस ठरला होता, बाया सांगून झाल्या होत्या, आणि त्याच्याच आदल्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"आई, हे अपर्णाचं हाय!"

"मला ठावं हाय कुणाचं हाय."

"जित्या बाईची ओटी मेलेल्या बाईला? आई, असं करू नगंस. तुझ्या पाया पडतो..." तो आडवाच उभा राहिला टेबलाच्या.

"सरक." तिचा आवाज चढला नव्हता. "अपर्णाला मी हाय. तिची आज न्हाई तर उद्या भरीन, धा बाया बोलवून भरीन. हिला अडीचशे वर्षं कुणी न्हाई, रं."

तो सरकला.

मग त्यानं हिरकणी घेतली आणि एका रेघेत काच कापली. पट्टी खोल असलेली निवडली, म्हणजे मागे जागा राहील. काच, माउंट, चित्र, त्यावर एक पातळ पुठ्ठा. ते सगळं पालथं करून त्यानं आईपुढे ठेवलं. रुक्माबाईनं आधी कुंकवाचं बोट टेकवलं. मग हिरवा खण दुमडून पोटाच्या मागे येईल असा पसरला, त्यावर ओंजळीनं तांदूळ, सर्वांत बारीक एक हळकुंड, एक सुपारी. ओठ हलत होते. गोपाळनं तुळशीचं पान काढलं नाही. ते तिथंच राहिलं. खारीक मावत नव्हती. नारळ बाजूला राहिला.

"हा कयाधूत सोडू," रुक्माबाई म्हणाली. "ठोक आता."

त्यानं फळीवरून खिळ्यांचा डबा काढला. मागची फळी बसवली. एक खिळा, दुसरा, तिसरा. प्रत्येक ठोक्याला त्याचे खांदे आखडत होते. शेवटचा खिळा अर्धा आत गेला असेल तोच खिशातला फोन वाजला.

दवाखान्यातली ज्योती सिस्टर होती. कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणत होत्या, आता थांबता येणार नाही.

हातोडी त्याच्या हातातच राहिली. त्यानं आईकडे पाहिलं. नऊ दिवस उघडं ठेवलं होतं त्यानं ते.

"मी बंद केलं," तो म्हणाला. "आई, मी बंद केलं."

"खिळा अर्धा ठिवू नगं," रुक्माबाई म्हणाली. "पुरा कर आन् चल."

अपर्णाला आत नेत होते. तिचे केस कपाळाला चिकटले होते. गोपाळला बघून तिनं ओठ हलवले, त्याला वाकावं लागलं.

"विचारलं का?"

"विचारलं."

"मग?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "आईनं ओटी भरली तिची," तो म्हणाला. "तुझ्या ताटातली."

अपर्णानं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला नीट बघता आलं नाही, दार लागलं.

पाऊण तास. रुक्माबाई बाकावर बसून पुटपुटत होती. गोपाळ बसला नाही. भिंतीशी उभा राहून तो बोटांनी बोटांवर झांजेचा ठेका धरत होता, आणि पुन्हा पुन्हा त्याच एका जागी चुकत होता. आत काही आवाज आले, मग आवाज थांबले. पहिल्या रडण्यासाठी तो कान देऊन उभा राहिला. ते आलं नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची टोपी घामानं भिजली होती.

"मुलगी आहे. सव्वा किलोला थोडं कमी. रडली नाही अजून, श्वास घेतेय. अपर्णा ठीक आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तीन दिवस मला काही विचारू नका, गोपाळराव. मला माहीत नाही."

खालच्या मजल्यावर, लेकरांच्या पेट्या ठेवलेल्या खोलीत, ज्योती सिस्टरनं त्याला चप्पल काढायला लावली, हात धुवायला लावले, अंगावर हिरवा डगला चढवला. "लांबून बघा. दोन मिनिटं. पेटीला हात लावू नका."

काचेच्या पेटीत ती होती. गुडघे छातीशी, एक हात तोंडावर. जावळ ओलं, कपाळाला चिकटलेलं. नाकात नळी. गोपाळ एक पाऊल पुढे सरकला. तोच कान होता. रेघ न् रेघ तीच.

ती हलते की नाही ते त्याला दिसेना. पेटीच्या त्या बाजूला काच धूसर झाली होती. पंचवीस वर्षं काचा पुसलेला हात; त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं काचेवर तोंडानं हलकेच 'हा' केला आणि डगल्याच्या बाहीनं पुसलं. धूसर तसंच राहिलं. त्यानं पुन्हा पुसलं.

"अहो, हात लावू नका म्हनलं ना!" ज्योती सिस्टर मागून आली. "आन् ते बाहेरून जायचं न्हाई. आतून धरलंय ते."

गोपाळची बाही काचेवर तशीच राहिली. ती वाफ लेकराच्या तोंडासमोरून थोडी मागे सरली, मग पुन्हा पुढे आली.